चित्राच्या पोटातला मजकूर

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलंय. राग मनात ठेवला की मला पित्त होतं, आणि घरी सांगावं तर ही हसते. म्हणून हा उद्योग.

आमच्या प्रशिक्षण विभागाला नव्या प्रमुख मिळाल्या आहेत. मिळाल्या म्हणजे तूर्त हंगामी. आमच्या पंपाच्या कंपनीत त्या बरीच वर्षं तक्रारीच्या फोनवर होत्या. कुणाचा पंप बिघडला की तो माणूस भडकून बोलणार आणि या शांतपणे ऐकून घेणार. त्यांना दिसत नाही, जन्मापासूनच. महिनाअखेरीस मालकीणबाईंसमोर वार्षिक बैठक आहे. त्यात मॅडमनी विभागाची नवी योजना स्वतः उभं राहून मांडायची. जमलं तर खुर्ची कायम, नाही जमलं तर पुन्हा फोन. आमचे उपव्यवस्थापक, म्हणजे उपसाहेब, यांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं आणि वर म्हणाले, "बघू या, कसं झेपतं त्यांना." भला माणूस. काळजी करतो.

आता विभागातल्या स्लाइड कोण करतं? मी. पंपाचं पोट उघडून दाखवणाऱ्या, बाण फिरवणाऱ्या, रंग पालटणाऱ्या स्लाइड. ऑफिसात मला चित्रगुप्त म्हणतात आणि मला ते आवडतं, कारण चित्रं माझी आणि गुपितंही माझ्याकडे बरीच. मालकीणबाई दर वर्षी पहिल्या रांगेत बसतात आणि पडद्याकडे बघून "सुंदर!" म्हणतात. एका वर्षी तर पडदा उजळायच्या आधीच म्हणाल्या. विश्वास म्हणतात तो हाच.

मॅडमना विभागाची ओळख व्हावी म्हणून मी माझं सर्वांत गाजलेलं काम त्यांना पाठवलं, 'पंप: एक जीवनप्रवाह'. दुपारी त्यांनी बोलावलं.

"तुमचं सादरीकरण ऐकलं," म्हणाल्या.

"ऐकलं?"

"मला संगणक वाचून दाखवतो. बसा, तुम्हीही ऐका."

संगणकातून एका बाईचा आवाज आला. "चित्र. चित्र. मुक्त आकार सतरा. बाण उजवीकडे. बाण उजवीकडे. बाण उजवीकडे. चित्र." असं बराच वेळ. शेवटी, "तारा तारा तारा धन्यवाद तारा तारा तारा."

"शेवटचं कळलं," मॅडम म्हणाल्या. "आभार मानलेत. कशाबद्दल, ते मात्र समजलं नाही."

मी म्हटलं, "मॅडम, ही चित्रं बघायची आहेत."

"हो ना. तीच तर अडचण आहे."

त्या हसत होत्या. मी हसलो नाही. शेवटच्या स्लाइडवरच्या चांदण्या मी एकेक करून मांडल्या होत्या.

५ मार्च, बुधवार

ही म्हणाली, "अहो, बाईंना दिसत नाही म्हणून तुम्ही का रुसलात?" मी रुसलेलो नाही. माणसाने आपल्या कामाचा आब राखावा एवढंच माझं म्हणणं आहे.

आज मी पुराव्यानिशी गेलो. म्हटलं, मॅडम, चित्रं सोडा, माझ्या स्लाइडवर मजकूरही भरपूर आहे, तो वाचायला सांगा तुमच्या यंत्रबाईंना. त्यांनी कळ दाबली. यंत्रबाई सुरू झाल्या. "एच. स्लॅश. कॅपिटल एस. कंस पूर्ण. टक्के."

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही जुन्या फॉंटमध्ये टाइप केलंय. दिसायला मराठी, आतून सगळी इंग्रजी अक्षरं. वर मराठी रंग दिलाय फक्त. यंत्र आतलं वाचतं."

मी त्या फॉंटवर आयुष्य काढलं. त्यातला 'क्ष' काय देखणा होता! आता म्हणे सगळं नव्याने टाइप करायचं. माझी अक्षरं आतून मराठी नव्हती, हे या वयात कळायचं होतं.

७ मार्च, शुक्रवार

आज घाम फुटला. ते मोकळेपणाने लिहून टाकतो.

एक स्लाइड नव्या अक्षरांत करून मॅडमना दिली. पंप उघडण्याची रीत, वरून खाली ओळीने. पडद्यावर अगदी क्रमवार. यंत्रबाईंनी वाचलं, "झाकण काढा. हात आत घाला. गाळ काढा. वीज बंद करा."

मॅडमनी कळ दाबून तेच पुन्हा वाचून घेतलं.

झालं असं की, 'वीज बंद करा' हा चौकोन मी सर्वांत शेवटी टाकला होता. विसरलो होतो, मग आठवण झाली, मग सगळ्यांत वर सरकवला. दिसायला तो पहिला. पण यंत्र वाचतं ते आपण कोणती वस्तू आधी ठेवली त्या क्रमाने. बघणाऱ्याला वरून खाली आणि ऐकणाऱ्याला माझ्या विसरभोळेपणाच्या क्रमाने.

"तुमच्या क्रमाने कुणी पंप उघडला," शेवटी त्या म्हणाल्या, "तर तक्रार करायला फोनसुद्धा येणार नाही."

मग त्यांनी योजना सांगितली. गावोगावी आमचे कारागीर पंप उघडून बसतात, तेव्हा हात ग्रीसने माखलेले असतात. स्लाइड बघायला फोन धरणार कोण? म्हणून प्रत्येक स्लाइड अशी करायची की फोनने ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि कारागिराने हात न पुसता ऐकावी. बैठकीत मांडायची ती हीच.

कल्पना वाईट नाही. मी तसं बोललो नाही अर्थात.

११ मार्च, मंगळवार

चित्रांच्या पोटात लिहायला शिकलो. चित्रावर उजवी कळ दाबली की एक चौकोन उघडतो. त्यात लिहिलेलं पडद्यावर दिसत नाही, पण यंत्रबाई तेवढं वाचतात. म्हणजे माझं टोपणनाव आता कुठे सार्थ झालं.

पहिल्या चित्रासाठी मी मन लावून लिहिलं. "या चित्रात आपणांस असे दिसून येते की, निळसर आकाशाच्या पार्श्वभूमीवर आमच्या कंपनीचा अभिमान असलेला पंप डौलाने उभा असून..."

मॅडमनी मध्येच थांबवलं. "पंपाचं वर्णन मागितलं होतं, पोवाडा नाही. आणि 'या चित्रात' लिहू नका. यंत्र आधीच 'चित्र' म्हणतं."

"मग काय लिहू?"

"फोनवर मला सांगत असता तर काय सांगितलं असतंत? तेवढंच. आणि जिथे चित्र नुसतं शोभेचं आहे, तिथे 'शोभेचं' अशी खूण करा. यंत्र ते गाळून पुढे जाईल."

शोभेची किती निघाली ते लिहीत नाही. चांदण्या गेल्या, फुलं गेली, दोन हात मिळवणारे ते सूट घातलेले गृहस्थ गेले. "लाल नळी काढा" हेही गेलं, कारण ऐकणाऱ्याला लाल काय कळणार? आता "खालची, जाड, लाल नळी" असं आहे. खरं सांगायचं तर त्या चित्रात लाल नळ्या दोन होत्या. आजवर कुणी विचारलं कसं नाही कोण जाणे.

संध्याकाळी हिला खुर्चीत बसवून डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक वाचलं. ही दाताच्या दवाखान्यात पेशंटना नावं पुकारण्याचं काम करते, त्यामुळे ऐकण्याची सवय आहे.

"काय दिसतंय?"

"एक निळा डबा आहे. त्याला शेपूट आहे."

"ती नळी आहे."

"मग नळी म्हणा ना. 'मागील बाजूस लंबगोलाकार जोडणी' म्हणजे शेपूटच की."

पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. असं जेवायची वेळ होईपर्यंत. डोळे न उघडता ही म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशी इतका वेळ बोललात. तेही पंपाबद्दल. पण चालेल, अजून वाचा."

१४ मार्च, शुक्रवार

आज जरा खोडी काढली. पोटातला मजकूर कुणालाच दिसत नाही, ऐकतात फक्त मॅडम. म्हणजे दोघांतच राहणार. मग नुसतं कोरडं का लिहायचं?

कारखान्याच्या फाटकाच्या फोटोत लिहिलं, "कंपनीचं फाटक. रखवालदार जागा आहे, फोटोपुरता." वजनकाट्याच्या फोटोत लिहिलं, "काटा बरोबर आहे, उभा राहिलेला माणूस श्वास रोखून आहे." आणि कार्यशाळेच्या फोटोत, जो योजनेच्या मधोमध जाणार आहे, "पाच कारागीर उघड्या पंपावर वाकलेले. मधोमध उपसाहेब, हात स्वच्छ. पंप उघडताना ते नव्हते, फोटोपुरते आले."

हे खरंच आहे. मी तिथे होतो. उपसाहेब आले, कोट सावरला, मध्ये घुसले, फोटो झाला आणि गेले. त्यात वाईट काही नाही, मोठ्या माणसांना वेळ नसतो.

मॅडमनी ऐकलं आणि इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. मला म्हणाल्या, "तुम्हाला लिहिता येतं हो!" त्या हसल्या तेव्हा मला किती बरं वाटलं ते घरी सांगितलं नाही. हिने आधीच यंत्रबाईंना 'तुमची दुसरी' असं नाव ठेवलंय.

एक गोष्ट नोंदवायची राहिली. मॅडम एकट्या असतात तेव्हा यंत्रबाई इतक्या भरभर बोलतात की मला नुसती धान्य ओतल्यासारखी सरसर ऐकू येते. मी म्हटलं, यातलं कळतं तुम्हाला? म्हणाल्या, "सावकाश फक्त पाहुण्यांसाठी."

१९ मार्च, बुधवार

उपसाहेबांनी स्वतःच्या हाताने मला चहा आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "चित्रगुप्त, तुमची कला वाया चाललीय. कुठे तुमचे ते फिरणारे बाण आणि कुठे हे सपाट पांढरं!"

मनातलं बोलले अगदी. मी म्हटलं, काय करणार साहेब, मॅडमचा हट्ट.

ते म्हणाले, "एक करा. तुमच्या जुन्या थाटात एक फाईल करून माझ्याकडे ठेवा. खाली काही लिहायची गरज नाही, नुसती चित्रं. बैठकीत मॅडम समजा अडखळल्या, तर आपली असावी हाताशी. तेव्हा तुम्हीच उभे राहा आणि बोला. आवाज खणखणीत आहे तुमचा. मॅडमना सांगू नका, उगाच धीर खचेल त्यांचा."

किती पुढचा विचार करतो हा माणूस! मी लगेच कामाला लागलो. बाण फिरवताना हात शिवशिवत होते.

२४ मार्च, सोमवार

मॅडमबरोबर सभागृह बघायला गेलो. बघायला म्हणजे त्यांनी पावलांनी मंच मोजला, टेबलाची कड चाचपली, खुर्च्यांच्या रांगा हाताने जोखल्या. मग विचारलं, "इथली ही वायर माझ्या संगणकाला लावली तर पडद्यावर चित्र जाईल. आवाजही जातो का?"

मी लावून बघितली. जातो. भिंतीवरच्या मोठ्या कर्ण्यांतून घुमतो. मॅडम म्हणाल्या, "बरं झालं विचारलं." पण त्या काही ही वायर लावणार नाहीत. बैठकीची फाईल उपसाहेब सभागृहाच्या संगणकावर आधीच टाकून ठेवणार आहेत आणि मॅडमच्या कानात छोटं यंत्र असणार आहे.

तेवढ्यात मला कार्यशाळेच्या फोटोची आठवण झाली. म्हटलं, "मॅडम, तो मजकूर काढायला हवा. चुकून कुणी ऐकलं तर?"

"राहू द्या, मी बघते," म्हणाल्या. जीव भांड्यात पडला. मॅडम काही विसरत नाहीत.

२७ मार्च, गुरुवार

उद्या बैठक. दोन्ही फायली तयार आहेत. माझी, म्हणजे उपसाहेबांकडची, तीत सगळं फिरतंय, उजळतंय, विरघळतंय. आणि मॅडमची, पांढरी, प्रत्येक स्लाइडला मथळा, प्रत्येक चित्राच्या पोटात दोन ओळी.

मॅडमनी दिवसभर सराव केला. एकदाही अडखळल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "फोनवर लोक माझ्यावर ओरडायचे, मी ऐकायचे. उद्या मी बोलणार आणि लोक ऐकणार. तिकडे परत जायचं नाहीये मला." असं त्या कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, "पाणी आणू?"

इथे खोटं लिहून काय करू? मॅडम अडखळाव्यात असं मला वाटत नाही. पण आज एक-दोनदा मी आरशासमोर उभा राहून 'सन्माननीय मालकीणबाई' असं खणखणीत म्हणून पाहिलं. ही दारात उभी होती. म्हणाली, "कुणाच्या जागी उभं राहायची तालीम चाललीय?"

मी म्हटलं, "घसा साफ करतोय."

२८ मार्च, शुक्रवार

सगळं ओळीने लिहितो, नाही तर माझ्याच डोक्यात गोंधळ होईल.

सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मालकीणबाई, काठी मांडीवर आडवी. मी शेवटच्या रांगेत. मॅडम मंचावर गेल्या, टेबलाला हात लागला, कानात यंत्र घातलं, कळ दाबली. पडद्यावर फाईल उघडली. माझी. फिरणारे बाण, विरघळणारा पंप.

मालकीणबाई म्हणाल्या, "सुंदर!"

मॅडम गप्प. मला त्यांच्या कानात काय चाललंय ते मागच्या रांगेत बसून कळत होतं. चित्र. चित्र. मुक्त आकार. बाण उजवीकडे. त्यांनी पुढची कळ दाबली, मग त्याच्या पुढची. पंप गरगर फिरत होता आणि मॅडमचा चेहरा पांढरा पडत चालला होता. खुर्च्या करकरायला लागल्या. कुणी तरी खोकलं.

उपसाहेब उठले. घाई नाही, गडबड नाही. "काही हरकत नाही मॅडम, तुम्ही बसा. होतं असं. आमचे चित्रगुप्त आहेत, ते बोलतील. या हो चित्रगुप्त."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. किती दिवसांची हौस! उपसाहेबांच्या हातून फायलींची अदलाबदल झाली असणार, एवढा गोंधळ असतो बैठकीच्या दिवशी. मला नुसतं पुढे जायचं होतं. पण मॅडमचा हात दिसला. टेबलाची कड घट्ट धरलेला, आणि मान माझ्या दिशेला, म्हणजे साधारण माझ्या दिशेला, मला ऐकायला. आणि मी काय बोललो तर:

"ही फाईल मॅडमची नाही. ही मी केलीय, उपसाहेबांनी सांगितली म्हणून. मॅडमची त्यांच्या संगणकावर आहे."

खणखणीत नव्हतं. आवाज फाटला. खाली बसलो आणि डोळे गच्च मिटून घेतले. वाटलं, नोकरी गेली. तीन वाक्यांत मी वरचा साहेबही दुखावला आणि मॅडमनाही कळलं मी त्यांच्या पाठीमागे काय करत होतो. मला शरम वाटली. शरम म्हणजे काय ते मला आज कळलं.

पुढचं सगळं ऐकलेलं आहे.

मॅडमची बॅग उघडून संगणक टेबलावर ठेवल्याचा आवाज. वायर खट्टकन बसल्याचा आवाज. मग कर्ण्यांतून अख्ख्या सभागृहात यंत्रबाई. "स्लाइड एक. शीर्षक. हात न पुसता शिकू या."

"माफ करा," मॅडम म्हणाल्या, "आवाज सगळ्यांना येतोय वाटतं." आणि पुढे गेल्या. घाईत त्यांना बंद करायची कळ सापडली नसावी. नशीब एवढंच की यंत्रबाई आज अगदी सावकाश बोलत होत्या, एकेक शब्द सुटा. मॅडम बोलत, यंत्रबाई वाचत, मॅडम बोलत. फाटक आलं, फोटोपुरता जागा असलेला रखवालदार आला, कुणी तरी फिस्सकन हसलं. झाकण, वीज, क्रम. कुणी खोकेना.

आणि मग, "चित्र. पाच कारागीर उघड्या पंपावर वाकलेले. मधोमध उपसाहेब, हात स्वच्छ. पंप उघडताना ते नव्हते, फोटोपुरते आले."

राहिलंच होतं ते! कामाच्या रगाड्यात मॅडम विसरल्या. मी खुर्चीचे हात धरले. मग एक खुर्ची करकरली, दुसरीने साथ दिली आणि सगळं सभागृह हसायला लागलं. काठी जमिनीवर आपटली. मालकीणबाई.

"थांबा. परत वाचायला लावा."

परत वाचलं. आधीच्यापेक्षाही सावकाश.

"कुणी लिहिलंय हे?"

मी मनात खुलासा लिहायला घेतला. पण मॅडम म्हणाल्या, "विभागाने लिहिलंय. मंजूर मी केलंय."

"खरं आहे का हो, उपसाहेब?"

"म्हणजे, त्या वेळी मी दुसऱ्या एका कामात..."

"म्हणजे खरं आहे." मग मालकीणबाईंचा आवाज खाली आला. "दर वर्षी मी या पडद्याकडे बघते. मला तिथे एक उजेडाचा चौकोन दिसतो. गेली कितीतरी वर्षं, फक्त चौकोन. विचारायची लाज वाटायची, म्हणून सुंदर म्हणायचे. आज कळलं, त्यात माणसंही असतात." आणि मग, "पुढचं वाचा. सगळं वाचा. शेवटपर्यंत."

मॅडमनी शेवटपर्यंत मांडलं. अडखळल्या नाहीत. टाळ्या खूप वेळ चालल्या.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वायर लागली, कळ सापडली नाही, मजकूर राहून गेला, नशिबाने यंत्र सावकाश बोललं. ही म्हणाली, "नशिबाने?" आणि इतकी हसली की ठसका लागला. मला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि मालकीणबाई हसल्या तेव्हा कशा दिसत होत्या?"

"माहीत नाही. मी डोळे उघडलेच नाहीत."

माझं ते 'सुंदर' मात्र गेलं. त्याचं वाईट वाटतंय, आणि त्याहून वाईट वाटतंय ते त्या बाई इतकी वर्षं एका चौकोनाकडे बघत बसल्या याचं. मी त्यांच्यासमोर बाण फिरवत होतो.

२ एप्रिल, बुधवार

मॅडम कायम झाल्या. पत्र आलं, त्यांनी ते यंत्रबाईंकडून भरभर वाचून घेतलं, मग माझ्यासाठी एकदा सावकाश लावलं. फोनच्या विभागातल्या सगळ्या जणी पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून बघायला आल्या होत्या.

मी दुसऱ्या फाईलबद्दल माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, "चहा देऊन करून घेतली ना? इकडे येऊन सांगितलं असतंत तर मी कॉफी दिली असती." एवढंच. पुन्हा विषय काढला नाही. त्यांना चहाचं कसं कळलं कोण जाणे.

उपसाहेबही येऊन गेले. खुर्ची ओढून बसले, इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच म्हणाले, "ते 'हात स्वच्छ' राहू द्या. बाकीचं काढता येईल का?" मॅडम म्हणाल्या, "पुढच्या कार्यशाळेला या, पंप उघडा. मग नवा फोटो काढू." उपसाहेब म्हणाले बघतो.

दुपारी मॅडमनी मला बैठकीचा एक फोटो दिला. हिशेबनिसाला फोटोचा नाद आहे, त्याने नेमका त्या हशाच्या वेळी काढलेला. योजनेच्या पहिल्या धड्यात तो जायचाय, त्याच्या पोटात लिहायला हवं. मी खूप वेळ बघत बसलो. मालकीणबाई हसताना कशा दिसतात ते शेवटी बघायला मिळालं. वरच्या दातांत फट आहे. उपसाहेबसुद्धा हसताहेत, जरासे.

लिहिलं आणि मॅडमना ऐकवलं. "सभागृहात सगळे हसताहेत. पहिल्या रांगेत मालकीणबाई, मान मागे टाकून. मंचावर मॅडम, एक हात संगणकावर. मागच्या रांगेत एक गृहस्थ डोळे मिटून बसले आहेत."

"तो गृहस्थ झोपलाय का?" मॅडमनी विचारलं.

"नाही. ऐकतोय."

"मग तसं लिहा ना. ऐकणाऱ्याला वाटेल, झोपला. कोण आहे तो?"

मी म्हटलं, "मी आहे, मॅडम."

त्या म्हणाल्या, "'एक गृहस्थ' काढा. 'आमचे चित्रगुप्त' लिहा."

"मजकूर लांबतोय. तुम्हीच म्हणता, दोन ओळींच्या वर नको."

"लांबू द्या."

मी लिहिलं. मागच्या रांगेत आमचे चित्रगुप्त, डोळे मिटून ऐकताहेत. मॅडम जेवायला गेल्यावर चालवून पाहिलं. यंत्रबाईंनी 'आमचे' अगदी नीट म्हटलं. मी परत एकदा चालवलं.